हजेरीपटातली गळती

सकाळच्या पाळीला सीएनसी मशीन सुरू होतं तेव्हा ते थंड असतं. स्पिंडल तापेपर्यंत पहिले चार-सहा जॉब मापात थोडे सरकतात. जुन्या ऑपरेटरला हे ठाऊक असतं. पहिला जॉब निघाला की तो मायक्रोमीटर लावतो, ऑफसेट किंचित हलवतो आणि मशीन तापल्यावर पुन्हा मागे आणतो. कुठल्या फाउंड्रीचं कास्टिंग कडक येतं आणि त्यावर इन्सर्ट लवकर उडतं, कुठल्या फिक्स्चरचा क्लॅम्प जरा जास्त आवळावा लागतो, मशीनचा आवाज बदलला की कुठे हात घालायचा, हे सगळं त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं आणि कुठल्याही ड्रॉइंगवर लिहिलेलं नसतं. चाकण, भोसरी, सातपूर, शिरोली, वाळूज, बुटीबोरी इथल्या लहानमोठ्या कारखान्यांचं उत्पादन अशाच न लिहिलेल्या माहितीवर चालतं. असा माणूस दिवाळीचा बोनस हातात पडला की आठवड्याभरात ‘उद्यापासून येत नाही’ म्हणून निघून जातो. दुसऱ्या दिवशी त्याच मशीनवर नवा मुलगा उभा राहतो आणि सकाळचे पहिले जॉब रिजेक्शनच्या पेटीत पडू लागतात.

‘हल्ली माणसं टिकतच नाहीत’ ही तक्रार प्रत्येक औद्योगिक वसाहतीत ऐकू येते. हॉटेलवाला, दवाखाना चालवणारा डॉक्टर, खासगी शाळेचा संस्थाचालक, सॉफ्टवेअर कंपनीचा मॅनेजर, सगळे हेच वाक्य बोलतात, आणि बहुतेकांचा रोख माणसांच्या वृत्तीवर असतो: नव्या पिढीला निष्ठा नाही, हजार रुपये जास्त मिळाले की पोरं उडी मारतात. मला हे निदान चुकीचं वाटतं. माणसं टिकत नाहीत ही बहुतेक वेळा त्या जागेच्या कारभाराबद्दलची माहिती असते, माणसांबद्दलची नव्हे. रास्त पगार, विश्वास आणि नीट कारभार या तिन्ही गोष्टी जिथे एकत्र असतात तिथे गळती थांबते, आणि तिन्हींपैकी एक नसेल तर उरलेल्या दोन फार काळ तोलून धरू शकत नाहीत. या म्हणण्याला जवळपास दीडशे वर्षांचा पुरावा आहे, त्यातला बराचसा आपल्या आसपासचा आहे.

आधी पैशाचा हिशेब करू. पगारवाढ खर्चाच्या खात्यावर लगेच दिसते. माणूस गेल्याचा खर्च मात्र हिशेबवहीत कुठल्याच खात्यावर पडत नाही, तो रिजेक्शनमध्ये, उशिरा गेलेल्या मालात, मशीन लावून देणाऱ्या सेटरच्या वाया गेलेल्या वेळात विखुरतो. समजा एका कारखान्यात १० ऑपरेटर आहेत आणि मशीनचा तासाचा दर ३५० रुपये आहे. एक ऑपरेटर गेला आणि बदली मिळेपर्यंत त्याची पाळी १० दिवस बंद राहिली, तर ८ तासांच्या हिशेबाने २८,००० रुपये तिथेच गेले. नव्या माणसाचं काम पहिला महिनाभर पाव हिश्श्याने कमी निघालं, तर २६ दिवसांचे आणखी १८,२०० रुपये. म्हणजे ४६,२०० रुपये, आणि यात बिघडलेला माल, तुटलेली टूल्स, माणूस आणून देणाऱ्या एजंटचं कमिशन धरलेलंच नाही. वर्षात १० पैकी ४ जण गेले तर आकडा १,८४,८०० वर जातो. आता दहाही जणांना महिना २,००० रुपये वाढ दिली तर वर्षाला २,४०,००० लागतील. ही आकडेमोड मुद्दाम मालकाच्या बाजूने कंजूष ठेवली आहे. तरीही दोन रकमांमधलं अंतर एवढंच उरतं, आणि न धरलेला खर्च धरला तर तेही बऱ्याच ठिकाणी उरणार नाही. वाढ दिली की चारचे शून्य होतील असं मी म्हणत नाही. पण वाढीचा आकडा सगळ्यांना पाठ असतो आणि गळतीचा आकडा कुणी कधी काढलेलाच नसतो, एवढं खरं.

हा आकडा काढायला भाग पडलेला सर्वांत प्रसिद्ध मालक म्हणजे हेन्री फोर्ड. डेट्रॉइटजवळच्या हायलंड पार्कच्या कारखान्यात १९१३ मध्ये चालती असेंब्ली लाइन आली. मोटार झपाट्याने तयार होऊ लागली, पण दिवसभर एकाच जागी उभं राहून एकच बोल्ट आवळण्याचं काम माणसांना सोसेना. त्या एका वर्षात गळतीचं प्रमाण ३७० टक्के झालं. सुमारे १४,००० माणसांचा कारखाना चालू ठेवण्यासाठी वर्षभरात ५२,००० च्या वर माणसं भरती करावी लागली. ५ जानेवारी १९१४ रोजी फोर्डने जाहीर केलं की ९ तासांना २.३४ डॉलर मिळत होते, त्याऐवजी आता ८ तासांना ५ डॉलर मिळतील. दारावर हजारोंची गर्दी लोटली, ती पांगवायला ऐन थंडीत पाण्याचे फवारे मारावे लागले. १९१५ पर्यंत गळती १६ टक्क्यांवर आली. गैरहजेरी जवळपास नाहीशी झाली. मजुरी दुपटीच्या वर गेली तरी मोटारीची किंमत पुढेही उतरत गेली आणि कंपनीचा नफा वाढला. खर्च कमी करण्याचा आपण योजलेला हा एक उत्तम उपाय होता, असं पुढे फोर्डने स्वतः सांगितलं. ज्यांना पगारवाढ म्हणजे दानधर्म वाटतो त्यांनी हे म्हणणं ध्यानात घ्यावं. धर्मादाय वृत्तीसाठी फोर्ड कधीच ओळखला गेला नाही.

पण फोर्डची गोष्ट इथे थांबवली तर ती अर्धी राहते, आणि बहुतेक ठिकाणी ती अर्धीच सांगितली जाते. त्या ५ डॉलरमधला सुमारे अर्धा भाग नफ्यातला वाटा म्हणून होता आणि तो अटींवर मिळायचा. कामगार दारू पितो का, घर स्वच्छ ठेवतो का, बचत करतो का, हे पाहायला कंपनीचे तपासनीस त्याच्या घरी जात. पगार भरघोस दिला, पण माणसावर भरवसा ठेवला नाही. पुढे हे तपासनीस गेले आणि त्यांच्या जागी कारखान्यात पाळत ठेवणारं दल आलं. मे १९३७ मध्ये फोर्डच्या रूज कारखान्याबाहेर पत्रकं वाटायला आलेल्या कामगार संघटनेच्या कार्यकर्त्यांना कंपनीच्या माणसांनी मारहाण केली आणि तिची छायाचित्रं देशभर छापून आली. अमेरिकेतल्या तीन मोठ्या मोटार कंपन्यांपैकी संघटनेशी करार करणारी फोर्ड ही शेवटची ठरली, १९४१ साली, तीही संपानंतर. ज्या कंपनीच्या दारात नोकरीसाठी रांगा लागल्या होत्या, तिथे पंचवीसेक वर्षांत अशी वेळ आली. पगाराने माणूस दारापर्यंत येतो आणि काही काळ थांबतो. त्याला त्या जागेबद्दल आपलेपणा वाटेल की नाही, हे पगारावर ठरत नाही.

फोर्डच्या बरंच आधी नागपुरात हा प्रश्न एका कापड गिरणीपुढे उभा राहिला होता. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. कापूस जवळ होता, यंत्रं होती, पण गिरणीच्या भोंग्यावर येण्याची सवय असलेला कामगार नव्हता. सुरुवातीची गैरहजेरी मोठी होती. त्याच वर्षी मजुरीच्या दरांवरून तिथे संपही झाला, देशातल्या नोंदल्या गेलेल्या अगदी पहिल्या संपांपैकी तो एक. एखाद्या मालकाने इथे दंड वाढवले असते. एम्प्रेसमध्ये १८८६ मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड सुरू झाला आणि १८९५ पासून अपघातात जखमी झालेल्यांना भरपाई मिळू लागली. अपघाताच्या भरपाईचा कायदा देशात १९२३ मध्ये आला आणि भविष्यनिर्वाह निधीचा १९५२ मध्ये, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या निर्णयाचं वेगळेपण कळतं. गिरणीत हवा दमट ठेवण्याची यंत्रणा बसवली गेली. तिने सूत कमी तुटायचं, आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात माणसांनाही थोडा गारवा मिळायचा. पुढे जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात १९१२ मध्ये ८ तासांचा दिवस आला. या गिरणीत सगळं आलबेल होतं असं नाही, संपाची नोंदच ते सांगते. पण माणूस येत नाही याचं कारण त्याच्या आळसात न शोधता त्याच्या आयुष्यातल्या अनिश्चिततेत शोधलं गेलं, आणि ही अनिश्चितता मालकाला कमी करता येण्यासारखी होती.

पगाराबद्दल आणखी एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. माणूस आपला पगार एकट्याने मोजत नाही, शेजारच्याच्या पगाराशी ताडून मोजतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांचे पगार जेव्हा सर्वांना पाहण्यासारखे खुले झाले, तेव्हा अर्थतज्ज्ञांनी त्याचा परिणाम तपासला. आपल्या विभागात आपला पगार मधल्या पातळीच्या खाली आहे हे ज्यांना कळलं त्यांचं समाधान घटलं आणि दुसरी नोकरी शोधण्याकडे त्यांचा कल वाढला. ज्यांना आपला पगार वरच्या बाजूला असल्याचं कळलं, त्यांच्यात मात्र त्या प्रमाणात आनंद वाढला नाही. म्हणजे अन्यायाची टोचणी जितकी खोल जाते तितकं जास्तीचं सुख खोल जात नाही. आपल्याकडच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत हे दोन-तीन वर्षं ठळकपणे दिसलं. एप्रिल ते जून २०२२ च्या तिमाहीत इन्फोसिसने जाहीर केलेली गळती २८.४ टक्के होती, त्याच वर्षी सप्टेंबरअखेर टीसीएसची २१.५ टक्के. मागणी वाढली होती हे त्याचं मोठं कारण. पण हिंजवडीतल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर दुसरं कारण ऐकू यायचं: बाहेरून येणाऱ्याला बाजारभावाने पगार मिळतो आणि पाच वर्षं प्रामाणिकपणे काम करणाऱ्याला आठ-दहा टक्के वाढ. म्हणजे पगार वाढवायचा तर कंपनी सोडायची, हा धडा कंपन्यांनीच शिकवला. जुन्या माणसाच्या डोळ्यांदेखत नव्याला जास्त पैसे द्यायचे आणि मग निष्ठा कमी झाली म्हणून हळहळायचं, हे न्यायाला धरून नाही.

पैशाइतकाच मानही इथे येतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. बढतीच्या वेळी त्यांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली आणि लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली. लोखंडी नांगर आणि १९१० साली औंध संस्थानातल्या माळरानावर उभी राहिलेली किर्लोस्करवाडी हे सगळं त्यानंतरचं. हा इतिहास आपण उद्योजकतेची कहाणी म्हणून वाचतो. त्या संस्थेच्या बाजूने वाचला तर एका गुणी माणसाला डावलल्याची किंमत त्यात दिसते. याच लक्ष्मणरावांनी पुढे किर्लोस्करवाडीत, शिक्षा भोगून आलेल्या माणसांना रात्रीच्या राखणदारीवर ठेवलं आणि तो भरवसा वाया गेला नाही. ज्याला स्वतःला अन्यायाची झळ लागली, त्याने आपल्या वसाहतीत विश्वासाला जागा ठेवली.

मग इतका पुरावा असताना गळती चालू का राहते? मालकांचं अज्ञान हे एक कारण झालं. दुसरं कारण जास्त अवघड आहे: गळतीत कुणाचा तरी फायदा असतो. मुंबईच्या गिरण्यांमध्ये माणसं भरण्याचं आणि काढण्याचं काम जॉबरच्या हातात होतं. नोकरी देताना जॉबर दस्तुरी घ्यायचा. जितकी माणसं बदलतील तितक्या वेळा दस्तुरी, असा तो साधा हिशेब होता. १९३१ मध्ये व्हिटले यांच्या अध्यक्षतेखालच्या रॉयल कमिशनने जॉबरच्या या अधिकारावर कडक टीका केली आणि भरती-बडतर्फी त्याच्या हातून काढून मजूर अधिकाऱ्याकडे द्यावी अशी शिफारस केली. आज जॉबर हा शब्द इचलकरंजी-मालेगावच्या मागांवर यंत्राची देखभाल करणाऱ्यापुरता उरला आहे, पण त्याची जुनी जागा रिकामी राहिलेली नाही. संघटित कारखान्यांमध्ये दर १०० कामगारांमागे ४० च्या आसपास आता ठेकेदारामार्फत आलेले असतात. ठेकेदाराचं कमिशन डोक्यामागे असतं, डोकं कुणाचं याने त्याला फरक पडत नाही. आणि ‘ब्रेक’ देण्याची पद्धत तर सर्वांना माहीत आहे. वर्षभरात २४० दिवस भरले तर कामगार कायम होण्याचा हक्क सांगू शकतो, म्हणून सात महिने झाले की त्याला घरी बसवायचं आणि काही दिवसांनी त्याला किंवा दुसऱ्याला नव्याने घ्यायचं. काम येऊ लागतं तेव्हाच माणूस जातो. ज्या कारखान्यात ही पद्धत आहे तिथली गळती मालकाने स्वतः, ठरवून, वेळापत्रक आखून केलेली आहे. तिथे कामगाराच्या निष्ठेचा प्रश्न उपस्थितच होत नाही. एकाच मशीनवर, एकच जॉब काढणाऱ्या दोघांपैकी कंपनी रोलवरच्याला एक पगार आणि ठेक्यावरच्याला त्याच्या निम्मा, हे दृश्यही नेहमीचं आहे. समान कामाला समान वेतन हे तत्त्व हंगामी कर्मचाऱ्यांनाही लागू होतं, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये पंजाब सरकारच्या खटल्यात सांगितलं आहे. खटला सरकारी नोकऱ्यांबद्दलचा होता, पण एका मशीनवर उभ्या असलेल्या त्या दोघांना हे तत्त्व समजावून सांगायला न्यायालय लागत नाही.

विश्वास आणि कारभार हे शब्द पोकळ वाटू शकतात, म्हणून त्यांना आकड्यांत पकडणारा एक प्रयोग जरा सविस्तर सांगतो. तो आपल्या आसपासच झाला आणि जगभरच्या व्यवस्थापनशास्त्रात त्याचा दाखला दिला जातो. निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकारी अर्थतज्ज्ञांनी २००८ पासून तारापूर आणि उंबरगाव भागातल्या १७ कापड कंपन्यांचा अभ्यास केला. एकेका कंपनीत सरासरी पावणेतीनशेच्या आसपास माणसं होती, म्हणजे हे काही घरगुती माग नव्हते. काही कारखान्यांना सल्लागारांची पाच महिने फुकट मदत मिळाली, बाकीच्यांची फक्त तपासणी झाली. सल्लागारांनी आधी जे पाहिलं ते आपल्याकडच्या अनेक शेडमध्ये दिसेल: जमिनीवर पसरलेली हत्यारं, मोडेपर्यंत कुणी न बघितलेली यंत्रं, कुठल्या रंगाचं किती सूत पडून आहे याची नोंद नसलेलं गोदाम, आणि विणताना पडलेल्या दोषांची दुरुस्ती रोज चाललेली असली तरी दोष कुठल्या मागावर आणि का पडला हे कुठेही न लिहिलेलं. मग साध्या गोष्टी सुरू झाल्या. दोषांची रोज नोंद, सकाळी त्यावर छोटी बैठक, यंत्रांची ठरलेल्या दिवशी देखभाल, प्रत्येकाचं काम काय हे लिहून भिंतीवर लावणं, चांगल्या कामाला बक्षीस. पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली.

या अभ्यासातला मला सर्वांत बोलका वाटलेला भाग मात्र वेगळा आहे. एखादी कंपनी किती मोठी होणार हे तिच्या कारभारापेक्षा एका दुसऱ्याच गोष्टीवरून जास्त नेमकं सांगता येत होतं: मालकाच्या घरात पुरुष माणसं किती. ज्याला दोन भाऊ आणि तीन मुलगे, त्याचे कारखाने जास्त. कारण बाहेरच्या मॅनेजरच्या हाती कारखाना सोपवायची कुणाची तयारी नव्हती. सूत चोरीला जाईल, पैसा खाल्ला जाईल, ही भीती. चाव्या घरच्यांच्याच कमरेला. ही भीती अगदीच निराधार होती असं कुणी म्हणणार नाही, आपल्याकडे कोर्टात दाद लागायला किती वर्षं जातात हे सर्वांना ठाऊक आहे. पण तिची किंमत पाहा. ज्या मॅनेजरला एक गासडी सुताचाही निर्णय घेता येत नाही तो तिथे कशाला थांबेल? संशोधक आठ-नऊ वर्षांनी परत गेले तेव्हा सुधारणांमधल्या जवळपास निम्म्या गळून पडल्या होत्या आणि त्याचं एक मुख्य कारण होतं मॅनेजर बदलले हे. ज्याने नोंदी ठेवायला शिकवलं तो गेला, नवा आला, वह्या बंद झाल्या. एवढं होऊनही मदत मिळालेले कारखाने बाकीच्यांच्या पुढेच होते. इथे दोन्ही धागे एकमेकांत गुंतलेले दिसतात. नीट कारभाराने माणूस टिकतो, आणि माणूस टिकला तरच नीट कारभार टिकतो. नोंदी ठेवलेल्या असल्या की चोरीची भीतीही कमी होते, म्हणजे विश्वास ठेवणं आंधळं राहत नाही. विश्वास म्हणजे डोळे मिटून चाव्या देणं असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी तारापूरच्या त्या वह्या हे उत्तर आहे.

विश्वासाचा दुसरा अर्थ म्हणजे माणसाला बोलू देणं. दक्षिण भारतातल्या कपडे शिवणाऱ्या कारखान्यांत किमान वेतन वाढलं, पण कामगारांच्या अपेक्षेपेक्षा कमी. नाराजी पसरली. संशोधकांनी काही कामगारांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं निवडून, नाव न घेता, कामाबद्दल, पर्यवेक्षकाबद्दल आणि एकूण समाधानाबद्दल मत विचारलं. एवढंच केलं. पुढच्या महिन्यांत या गटातली नोकरी सोडण्याची शक्यता बाकीच्यांपेक्षा सुमारे २० टक्क्यांनी कमी राहिली. चीनमधल्या ट्रिप डॉट कॉम या प्रवास कंपनीने १,६१२ कर्मचाऱ्यांवर प्रयोग करून काहींना आठवड्यातून दोन दिवस घरून काम करू दिलं, तेव्हा राजीनामे एक तृतीयांशाने घटले आणि कामगिरीत फरक पडला नाही. आधी शंका घेणाऱ्या मॅनेजरांनीही नंतर मत बदललं. दोन्ही ठिकाणी या प्रयोगासाठी कुणाचा पगार बदलला नव्हता. विचारण्याला आणि सोपवण्याला स्वतंत्र किंमत आहे, एवढं यातून दिसतं. कमी पगाराची भरपाई म्हणून मात्र कुणी ही किंमत वापरू नये. महागाई वाढत असताना वाढदिवसाचा केक कापून, भिंतीवर ‘आपण एक कुटुंब’ लिहून भागवणारे मालक आहेत. घरभाडं आणि मुलांची फी त्या केकने भरली जात नाही.

आता आक्षेप. सर्वांत मोठा आणि खरा आक्षेप लहान मालकाचा आहे. वर मोठी कंपनी दर वर्षी भाव कमी करून मागते, बिल ९० दिवसांनी देते, आणि आम्ही माणूस शिकवून तयार केला की तीच कंपनी त्याला उचलते, मग आम्ही पगार कुठून वाढवायचा? या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते नाकारणारा लेखक कधी वर्कशॉपच्या हिशेबात शिरलाच नाही असं समजावं. लहान कारखाना मोठ्या कंपनीच्या पगाराशी बरोबरी करू शकत नाही. पण शर्यत फक्त त्या आकड्याची नसते. पगार ७ तारखेच्या आत, एकही महिना न चुकता. जादा कामाचे पैसे कायद्याप्रमाणे दुप्पट आणि ते स्लिपवर लिहिलेले. भविष्यनिर्वाह निधीचा पैसा खरोखर भरलेला. वर्षाच्या सुरुवातीलाच सांगितलेलं, की हे काम शिकलास तर इतकी वाढ, सेटर झालास तर इतकी. यातल्या पहिल्या तीन गोष्टी तर कायद्याने देणंच आहे. त्या नीट मिळत नाहीत म्हणून सोडून जाणाऱ्या माणसाला मोठ्या कंपनीने पळवला असं म्हणता येणार नाही. यानंतरही काही जण मोठ्या कंपनीत जातील, जावंही. जाणारा माणूस चांगलं बोलत गेला तर त्याच्या गावातला दुसरा येतो. लातूर-बीड-यवतमाळकडून चाकणला येणाऱ्या मुलांना कुठे जायचं आणि कुठे पाय ठेवायचा नाही हे एजंट सांगण्याआधी खोलीवरचे मित्र सांगतात.

माणूस टिकवण्याचा दुसरा मार्ग म्हणजे त्याला बांधून ठेवणं. साखर पट्ट्यात मुकादम ऊसतोड जोडप्याला हंगामाआधी उचल देतो आणि ती फिटेपर्यंत ते जोडपं, म्हणजे त्या भाषेत ‘कोयता’, त्याच्याकडे अडकतं. शहरातल्या कंपन्या हेच बाँड लिहून घेऊन करतात. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास २ लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. तेव्हा बाँड कायद्यात बसतो. भरती आणि शिक्षणावर झालेला खर्च वसूल व्हावा ही मागणी गैर नाही. पण उचलीने काय झालं हे मराठवाड्यात कुणालाही विचारा: मुकादम म्हणतो मजूर उचल घेऊन पळाला, मजूर म्हणतो हिशेब कधी फिटतच नाही, आणि प्रकरण मारहाण, डांबून ठेवणं, पोलीस ठाणं इथवर जातं. अनेक दशकांनंतरही त्या व्यवहारात भरवसा तयार झाला नाही. बाँडवर थांबलेला माणूस शरीराने थांबतो. सकाळचा तो ऑफसेट हलवण्याची आस्था कुठल्या स्टँप पेपरवर लिहून घेता येत नाही.

गळती शून्य असावी असं माझं म्हणणं नाही. काही माणसांनी जायलाच हवं, काही जागांना नव्या रक्ताची गरज असते, आणि वीस वर्षं खुर्ची न सोडलेला अधिकारीच कधीकधी खालच्या दहा जणांच्या जाण्याचं कारण असतो. कोण गेलं हे किती गेले याहून महत्त्वाचं आहे. सगळ्यांत आधी नेहमी तेच जातात ज्यांना बाहेर मागणी आहे, म्हणजे ज्यांची कारखान्याला सर्वांत जास्त गरज असते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत एक तरतूद आहे. नोकरी सोडणाऱ्याचा सगळा हिशेब दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा. ‘फुल अँड फायनल’साठी महिनोन्महिने चकरा मारायला लावण्याची सवय असलेल्यांना ती जाचक वाटेल. मालकांना माझी विनंती आहे की ही तरतूद एका वेगळ्या कामासाठी वापरावी. त्या दोन दिवसांत जाणाऱ्याला समोर बसवावं, आधी त्याचे पैसे द्यावेत, आणि मग का जातोस हे विचारावं. पैसे हातात आलेला माणूस खरं सांगतो. आणि गेल्या वर्षीचा हजेरीपट काढून, ज्यांची नावं मध्येच थांबली आहेत त्यांच्यापैकी दोघा-तिघांनाही फोन करावा. त्यांचे नंबर अजून तुमच्याकडे असतील.